विधिप्रवेशाची ग्रंथनिवड



स्नेहसंमेलनास आलेल्या पाहुण्याने चारित्र्य, देशभक्ती आणि शिस्त यांवर बोलावे असा संकेत आहे. परंतु आज दुपारी पारितोषिकांच्या मानकरी असलेल्या दोघी-तिघी मुलींनी, बारावीनंतर वकिलीच्या प्रवेशपरीक्षेस बसावयाचे आहे, तरी पुस्तके कोणती घ्यावीत, असा जो सरळ प्रश्न मला केला, तो इतका निकडीचा वाटला की माझा सारा वेळ त्याच्याच उत्तरास द्यावा असे मी ठरविले.

हा प्रश्न आपल्या घाटंजीत निघावा याचे मला मुळीच नवल वाटत नाही. आपल्याच जिल्ह्यातील वणीस १८८० साली जन्मलेले आणि यवतमाळास वकिली करणारे लोकनायक बापूजी अणे यांनी १९३० साली पुसदला जंगलचा कायदा मोडला, तो त्या कायद्याचे पूर्ण ज्ञान असताना मोडला. आणि शेजारच्या अमरावतीस नगरपालिकेच्या शाळेत शिकलेले भूषण गवई १४ मे २०२५ रोजी भारताचे बावन्नावे सरन्यायाधीश झाले. तेव्हा वाट अनोळखी नाही. अडचण आहे ती जिल्ह्याच्या बाजारातून आणलेल्या जाडजूड मार्गदर्शकांच्या ढिगाची, ज्यांवर बापाच्या कापसाचे पैसे खर्च होतात आणि ज्यांतील निम्मी पाने परीक्षेपर्यंत उलटलीही जात नाहीत.

पहिला कागद विकत घ्यावा लागत नाही. राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची माहितीपुस्तिका डोळ्यांखालून घातल्यावाचून एकही पुस्तक घेऊ नये, कारण पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी सध्या दोन तासांत १२० प्रश्न विचारले जातात, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत आणि प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. उलट नागपूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठासारख्या संस्थांत ज्या ‘क्लॅट’ परीक्षेतून प्रवेश मिळतो, तिची प्रश्नपत्रिका इंग्रजी, तीत लांबलचक उतारे, आणि प्रत्येक चुकीस पाव गुणाची वजावट. एकीसाठी लिहिलेले पुस्तक दुसरीस पुरेल असे समजून चालू नये. राज्याच्या परीक्षेस मराठी माध्यम घेतले तरी इंग्रजीचे प्रश्न इंग्रजीतच सोडवावे लागतात. तेव्हा तो भाग शेवटच्या महिन्यावर टाकून चालणार नाही.

आता मी ज्या गोष्टीवर सर्वांत अधिक भर देणार आहे, ती म्हणजे पुस्तकाच्या प्रकाशनाचे वर्ष. थोरल्या भावाची किंवा शेजारच्या मुलाची जुनी पुस्तके वापरणे ही आपल्याकडील सुंदर रीत आहे, आणि तर्कबुद्धी वा अंकगणित यांच्या बाबतीत ती खुशाल पाळावी. पण कायद्याच्या बाबतीत १ जुलै २०२४ ही तारीख मध्ये आडवी उभी आहे. त्या दिवशी १८६० ची भारतीय दंडसंहिता, १८७२ चा पुरावा कायदा आणि १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता यांच्या जागी तीन नवे कायदे अंमलात आले. खुनाच्या शिक्षेचे ३०२ हे कलम ज्याने जुन्या पुस्तकातून पाठ केले, त्याने दंडसंहितेच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिता उघडून पाहावी: तेथे खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये आहे, आणि ३०२ व्या कलमात कोणाच्या धार्मिक भावना बुद्ध्या दुखावणाऱ्या उद्गारांचा अपराध सांगितला आहे. फसवणुकीचे ४२० आता ३१८ झाले. असे पुस्तक स्वस्तात मिळाले म्हणून जो आनंद होतो, त्याची किंमत परीक्षागृहात मोजावी लागते.

दुसरी कसोटी अशी की, पुस्तक उत्तर सांगून थांबते की कारणही देते. एक प्रश्न घेऊ. नियम दिलेला असतो: अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल होय. वस्तुस्थिती अशी की, सतरा वर्षांच्या मुलाने आपल्या वडिलार्जित शेतातील कापूस देण्याच्या बोलीवर व्यापाऱ्याकडून उचल घेतली आणि पुढे शब्द फिरवला. व्यापारी कराराच्या आधारे दाद मागतो. आपले मन व्यापाऱ्याच्या बुडालेल्या पैशाकडे ओढ घेते, आणि बहुतेक विद्यार्थी तेथेच चुकतात. कारण दिलेल्या नियमापुढे दयेला वाव नाही, करारच नाही तर त्याची अंमलबजावणी कसली? मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या १९०३ च्या निवाड्यात प्रिव्ही कौन्सिलने नेमके असेच ठरविले आणि कर्ज देणाऱ्याला रक्कम परत मिळवून दिली नाही. जे पुस्तक बरोबर पर्यायाबरोबर उरलेले तीन पर्याय का चुकले हेही उलगडून सांगते, तेच घ्यावे. हजारो प्रश्न छापून शेवटी नुसती उत्तरांची यादी जोडणारे दुकानातच ठेवावे.

संविधानाबाबत मात्र मला कोणत्याही मार्गदर्शकाची मध्यस्थी मान्य नाही. मूळ संविधान मराठीत उपलब्ध आहे. ते अद्ययावत प्रतीतून वाचावे, आणि मूलभूत हक्कांची बारा ते पस्तीस व मार्गदर्शक तत्त्वांची छत्तीस ते एक्कावन्न ही कलमे तर सावकाश, पेन्सिल हाती घेऊन वाचावीत. मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांत आढळला, तर ती प्रत चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीपूर्वीची आहे हे ओळखून बाजूला ठेवावी. चालू घडामोडींसाठी रोजचे एक वर्तमानपत्र आणि स्वतःच्या हाताने केलेली टिपणवही पुरेशी आहे. शिवाय सुटीतील एखादी दुपार येथल्या दिवाणी न्यायालयात मागच्या बाकावर बसून काढावी. वारसनोंद, फेरफार, वहिवाट, ताबा हे शब्द ज्यांच्या घरी सात-बाराच्या निमित्ताने सदैव कानांवर पडतात, त्यांना उलटतपासणी चालू असताना पुस्तकातील पुष्कळसे आपोआप उमगेल.

व्यवस्थापक मंडळास माझी एक विनंती आहे. प्रत्येक मुलाने तीच पुस्तके पुन्हा पुन्हा विकत घेण्याऐवजी ग्रंथालयात एक कपाट या परीक्षेसाठी राखून ठेवावे, त्यात संविधान, तिन्ही नवे कायदे, मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि विषयागणिक एकच चांगले पुस्तक ठेवावे, आणि कायदा बदलेल तशी जुनी प्रत काढून टाकण्याचे काम एका शिक्षकांकडे सोपवावे. संविधान आणि तीन कायदे यांच्या प्रत्येकी पाच प्रती मी या महिनाअखेर प्राचार्यांच्या स्वाधीन करतो. उरलेल्यांची यादी त्या मुलींनीच करून मला द्यावी.