अर्ज द्या, पोच घ्या
(जिल्हा बैठकीतील भाषण)



सकाळपासून कपाशीच्या भावावर बोलणं झालं. मी पोरांच्या शाळेवर बोलणार आहे. हिशेब एकच आहे. १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगाला निवेदन दिलं. सरकारचा वसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर, हे त्यांनी तिथे मांडलं. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली. देशभरचा हक्क म्हणून ते कायद्यात यायला सव्वाशे वर्षांवर काळ गेला. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक लेकराला आठवीपर्यंत मोफत शिक्षण. हे कुणाचे उपकार नाहीत.

आता आपली अडचण बघा. दसरा झाला की गंगाखेड, पालम, सोनपेठकडची माणसं ऊसतोडीला निघतात, लेकरंही संगं जातात. इकडे वेचणी लागली की पोरगी कमरेला ओटी बांधून कापसात असते. कपाशी उगवली की आठ-दहा दिवसांत आपण नांग्या भरतो. महिन्याने भरलं तर ते झाड थोरल्यांच्या सावलीत दबतं. जगतं, पण बोंडं धरत नाही. लेकराचं तेच होतं. चार महिने बुडाले की ते परत येऊन वर्गात बसतं, पण फळ्यावरचं कळत नाही. आपण म्हणतो, पोराला डोकं नाही. डोकं होतं, नांगी वेळेवर भरली नाही.

ती भरायची सोय कायद्यात आहे. कलम ४ प्रमाणे मागे पडलेल्या लेकराला त्याच्या वयाच्या वर्गात घ्यायचं आणि बुडालेलं भरून काढायला खास शिकवणी द्यायची. कलम ५ प्रमाणे जुन्या शाळेचा दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून परत पाठवता येत नाही. पहिली ते पाचवीला साठपर्यंत पट असेल तरी दोन शिक्षक लागतात. तोडीवाल्यांची लेकरं गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. त्याची मागणी टोळी निघाल्यावर करून उपयोग नाही. पोळ्याच्या सुमारालाच शाळेत नावं द्या.

कुणी म्हणेल, वेचणीला मजूर मिळत नाही, पोरगी घरी राहिली तर मजुरी वाचते. खरं आहे, वाचते. पण काट्यावरची पावती, सोसायटीच्या कर्जाचा कागद, बियाण्याच्या पिशवीवरची मुदत घरात कुणालाच वाचता आली नाही, तर ती मजुरी किती वेळा परत जाते, त्याचाही हिशेब धरा.

शाळेत आपली सत्ता आहे. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सभासद पालक असतात आणि निम्म्या बाया. रजिस्टर सहीला घरी आलं तर सही करू नका. बैठक लावा म्हणा. ऐकलं नाही तर कलम ३२ आहे. जिल्हा परिषदेकडे लेखी तक्रार द्या. तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. निर्णय पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं.

लढून काय होतं? ९ फेब्रुवारी २०२४ ला सरकारने नियम बदलला. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल, तर खाजगी विनाअनुदानित शाळेला गरिबांच्या पंचवीस टक्के जागांतून सूट दिली. पालक आणि संघटना कोर्टात गेल्या. १९ जुलै २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला.

म्हणून गावी गेल्यावर तीन कामं करा. समितीत कोण आहे ते विचारा. शाळा सुटलेल्या आणि तोडीला जाणाऱ्या लेकरांची यादी करा, पोरींची नावं आधी लिहा. ती यादी अर्जासोबत मुख्याध्यापकांना द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्याची पोच घ्या. तोंडी मागणी वाऱ्यावर जाते. पुढच्या बैठकीला येताना ती पोच बरोबर आणा.