युरोपचें उसनें कवच

४ एप्रिल १९४९ रोजीं वॉशिंग्टन येथें १२ राष्ट्रांनीं उत्तर अटलांटिक करारावर सह्या केल्या, तेव्हां पश्चिम युरोप महायुद्धानें खंगलेला होता. अमेरिकेचा आधार घेणें त्याला भागच होतें. पुढें घरें सांवरलीं, कारखाने भरभराटले. आधार मात्र सुटला नाहीं. १९५१ सालीं आयसेनहॉवर या संघटनेचे युरोपांतील सरसेनापति झाले. तेव्हांपासून त्या पदावर अमेरिकन सेनानीच येत आला आहे.

हें परावलंबन शिपायांच्या संख्येचें नव्हे. शिपाई युरोपापाशीं पुष्कळ आहेत. खरें उणें २०११ सालीं लिबियावरील हवाई मोहिमेंत उघडें पडलें. सुरुवातीचे दिवस सोडले, तर बाँबफेक मुख्यतः युरोपीय वैमानिकांनींच केली. परंतु उडत्या विमानांना आकाशांतच इंधन पाजणारीं विमानें बहुतेक अमेरिकेचीं, आणि लक्ष्यें हेरण्याचें कामहि बव्हंशीं तिच्याच यंत्रणेकडे. समोर गद्दाफीची जेमतेम शस्त्रांची राजवट. तरीहि तीन महिने होण्यापूर्वींच कित्येक राष्ट्रांचा अचूक बाँबांचा सांठा आटूं लागला!

२०२२ सालीं रशियानें युक्रेनवर मोठी स्वारी केली आणि युद्ध दाराशीं आलें. मार्च २०२५ मध्यें अमेरिकेनें युक्रेनला मिळणारी गुप्त माहिती कांहीं दिवस रोखली. तिची जागा तत्काळ भरून काढील असें युरोपांत कोणीच नव्हतें. त्याच वर्षीं जूनमध्यें हेग येथें एकूण देशांतर्गत उत्पादनाच्या शेंकडा ५ इतका खर्च संरक्षणार्थ करण्याचें ठरलें, तेंहि २०३५ पर्यंत. उपग्रह व इंधनविमानें थैली सोडतांच हजर होत नाहींत हें खरें, तरी ही मुदत लांबच म्हणावी लागेल. शिवाय त्या पांचांतील साडेतीनच प्रत्यक्ष सैन्यावर. उरलेले दीड रस्ते, पूल यांसारख्या पूरक कामांत धरावयाचे आहेत.