पिल्लाला जपू या



मांजर कसेही पडले तरी चार पायांवरच पडते, असे आपण ऐकत आलो. त्याच भरवशावर आम्ही महिन्याभराचे पिल्लू माळ्यावर ठेवले. ते पडले आणि त्याचा पाय मोडला. पडता पडता हवेत अंग वळवणे पिल्लाला साधारण सात आठवड्यांनी पुरते जमते. तोवर त्याची जागा जमिनीवरच्या खोक्यात. गॅलरीला जाळी लावावी. दार लोटताना, खुर्ची सरकवताना आधी खाली पाहावे. पडलेच तर टॉवेलवर अलगद घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडे न्यावे. आपली पॅरासिटामॉलची गोळी मुळीच देऊ नये. मांजराला ती विषच आहे.

मुक्या जीवाला सांगता येत नाही, म्हणून पाहण्याची जबाबदारी आपली.