कात्री गेली कुठे?

आम्ही मुंबईच्या उपनगरांतल्या, घरात बसून काम करणाऱ्या बायका. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली, कुठल्याही वस्तीत जा, आमच्यासारख्या भेटतील. कुणी तयार कपड्यांचे धागे कापतं, कुणी रबरी वॉशरची वाढीव कड कापतं. मालाडकडे कुणी नकली दागिन्यांच्या तारा कापून मणी ओवतं. माल कंत्राटदाराचा, मजुरी नगावर. कात्री, कटर, पक्कड मात्र बहुतेक वेळा आपलीच. तुमच्या गटातही शिलाई, गोधड्या, बांबूकाम चालतं. म्हणून आज बोलू या, ही छोटी धारेची हत्यारं ठेवायची कशी यावर.

कारखान्यात हत्यारांची वेगळी जागा असते, लक्ष ठेवायला मुकादम असतो. आपली एकच खोली. तिथंच काम, तिथंच स्वयंपाक, तिथंच रांगतं बाळ. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९९६ साली घरबसल्या कामाविषयी करार केला. कामाच्या जागी सुरक्षिततेचे जे नियम असतात, ते घरच्या कामालाही लागू व्हावेत, असं तो सांगतो. पण आपल्या खोलीत ते पाहायला कुणी येत नाही. तिथले मुकादम आपणच.

आमचा नियम साधा आहे: प्रत्येक हत्याराला एकच जागा, आणि काम उरकलं की मोजणी. प्लायवूडचा एक तुकडा घ्या. त्यावर हत्यारं मांडून प्रत्येकाभोवती पेन्सिलीनं रेघ ओढा. मग खिळे किंवा हूक मारा. फळी मुलांचा हात पोचणार नाही इतकी उंच आणि घट्ट लावा. खाली पाळणा, अंथरूण नको. संध्याकाळी एक रेघ रिकामी दिसली, की समजायचं, कात्री अजून खालीच आहे. ती सापडल्याशिवाय अंथरूण घालायचं नाही. आपल्या आज्या विळा उंच कुडात खोचून ठेवत, ती हीच शहाणीव.

भाड्याच्या खोलीत भिंतीला खिळा मारू देत नाहीत? मग जुन्या जीनचा जाड कपडा घ्या, त्यावर ओळीनं कप्पे शिवा. मूठ वर, टोक खाली. कप्प्याचा तळ दुहेरी शिवा, नाहीतर टोक बाहेर येतं. आरीच्या टोकाला सायकलच्या जुन्या व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा चढवा. काम झालं की गुंडाळी करून नाडी बांधा आणि उंच फडताळात ठेवा. सगळी हत्यारं एका डब्यात कोंबू नका. धारा एकमेकींवर घासून बोथट होतात, आणि चाचपताना बोट कापतं. बोथट कात्रीला जोर जास्त लागतो, हात दुखतो, डझन पुरे व्हायला उशीर होतो. नगावरच्या मजुरीत तो उशीर आपल्याच पैशातून जातो.

कापडाची कात्री वेगळी, कागद-प्लास्टिकची वेगळी. कागदात खनिजाची भुकटी असते, तिनं धार लवकर मरते. कापडाच्या कात्रीला लाल दोरा बांधा, म्हणजे पोरं वहीसाठी ती उचलणार नाहीत.

आता गंज. आमच्याकडे समुद्राची दमट हवा आणि चार महिने पाऊस. लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की गंज धरतो. मीठ असलं की आणखी लवकर. हाताच्या घामातही मीठ असतंच. म्हणून ठेवण्याआधी हत्यार कोरड्या फडक्यानं पुसा. आठवड्यातून एकदा सांध्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्या. गोडंतेल नको, ते पुढे चिकट होतं. तेल दिल्यावर आधी चिंधी कापून पाहा, नाहीतर मालावर डाग पडतो. पावसाळ्यात कापडी गुंडाळी ओल धरते. ऊन पडलं की ती उघडून वाळवा.

मोडलेली ब्लेडं उघड्यावर टाकू नका. झाकणाच्या पत्र्याच्या डब्याला बारीक फट पाडा, त्यातूनच ब्लेड आत टाका. डबा भरला की फट चिकटपट्टीनं बंद करा, वर ‘ब्लेड’ लिहा आणि कचरा नेणाऱ्या ताईच्या हातात सांगून द्या. तिचाही हात आपल्यासारखाच कामाचा.

एवढं करूनही कापलंच तर? जखम वाहत्या पाण्यानं आणि साबणानं धुवा, स्वच्छ कापडानं दाबून धरा. हळद, चुना, राख भरू नका. गंजामुळं धनुर्वात होतो असं आपण म्हणतो, पण त्याचे जंतू माती-शेणात असतात. चकचकीत कात्रीही मातीत पडलेली असेल, तर धोका आहेच. जखम खोल किंवा मळकी असेल, तर लगेच आरोग्य केंद्रात जा आणि धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली ते सांगा.

खंडेनवमीला आपण हत्यारं घासूनपुसून पुजतो. तशी निगा दर आठवड्याला एकदा राखायला हवी. गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपली हत्यारं गुंडाळून आणा. एकत्र मोजा, तेल द्या, धार लावायची ती वेगळी काढा आणि धारवाल्याला एकदम बोलवा. त्याच बैठकीत सगळ्याजणी मिळून एकेक गुंडाळी शिवा. जुन्या कापडाचं काम आहे, खर्च फक्त दोऱ्याचा. हात जपा मैत्रिणींनो, घर त्यावरच चालतं.