कूलंट जातंय कुठे?

मंडळी, गाडीखाली थेंब नाही, तरी कूलंट कमी होतंय, तर आजचा भाग तुमच्यासाठी.

परवा माझ्याकडे एक टर्बो पेट्रोल आली. गावात काटा मध्यावर, खंबाटकी चढताना लाल. मालकाला दुसरीकडे सांगितलेलं, "टर्बो गेलाय, बदला." आता बघा, टर्बोचं सील गेलं की ऑइल जळतं, धूर निळसर येतो. इथे पांढरा, गोडसर वासाचा. म्हणजे कूलंट जळतंय. झाकणाखालच्या दुधी सायीवर जाऊ नका हं, पावसाळ्यात छोट्या फेऱ्यांनीही ती येते.

मी ब्लॉक टेस्ट केली. कूलंटच्या टाकीतली हवा निळ्या द्रावणातून ओढली. ते पिवळं पडलं. सिलिंडरचा गॅस पाण्यात शिरतोय! कॉम्प्रेशनही दोन आणि तीन नंबरला, म्हणजे शेजारशेजारीच कमी. घाटात टर्बो जोर लावतो, आतला दाब वाढतो, म्हणून गळती तिथेच जास्त.

हेड उतरवलं. वर सरळ पट्टी ठेवली, तर ०.०५ मिलिमीटरचं फीलर खालून आरामात सरकलं. हेड वाकलंय. फेसिंगला दिलं, क्रॅकही तपासून घेतला. मालक म्हणाला, "दादा, बोल्ट जुनेच चालवू." नाही! या इंजिनाचे बोल्ट ताणून बसतात, एकदाच वापरायचे. मधून बाहेर, आधी टॉर्क, मग अंश, मॅन्युअलमध्ये असेल तसंच.

राहिलं कारण. थर्मोस्टॅट उकळत्या पाण्यात टाकला, तर अर्धाच उघडला. तोही नवा घातला, ऑइल बदललं, कूलंट भरून हवा काढली.