थॉम्पसन घराण्याचे फिडल
(गेल्या वर्षी गणेशोत्सवात बिलासपूर येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी इथे मोठमोठे वक्ते येतात. यंदा पाहुण्यांची गाडी चुकली आणि सचिवांनी मला उभे केले. मी डिप्लोमावाला माणूस. रूळ, स्लीपर आणि खडी यापलीकडे माझी गती नाही. पण व्हायोलिनचे थोडे वेड वडिलांकडून आले आहे, म्हणून अमेरिकेतल्या एका वाजवणाऱ्या कुटुंबाची गोष्ट सांगतो. गणपतीत अमेरिका कशाला, असे कुणी म्हणेल. थोडा वेळ धीर धरा.

माझा भाचा नॉर्थ कॅरोलायना राज्यात नोकरीला आहे. त्याने एक सीडी पाठवली. लावली, तर पहिल्यांदा वाटले की कुणी गज नुसता घासतो आहे. तिसऱ्यांदा ऐकताना पाय आपोआप ताल धरू लागला. वाजवणारे होते जो थॉम्पसन. मेबेन नावाच्या गावाजवळ १९१८ साली जन्मलेले कृष्णवर्णीय शेतकऱ्याचे पोर. फिडल म्हणजे आपले व्हायोलिनच, फक्त वाजवायची तऱ्हा वेगळी. वडील जॉन आर्च फिडल वाजवत, भाऊ नेट बँजो वाजवी, चुलतभाऊ ओडेलही बँजोवालाच. आजोबांचा जन्म गुलामगिरीतला, तेही वाजवणारे. नोटेशन कुणाकडेच नव्हते. बापाच्या बोटांकडे बघायचे आणि उचलायचे.

जोना लहानपणी फिडल मिळाले ते बिनतारांचे. पोराने घराच्या जाळीच्या दारातली तार काढली आणि त्यावर चढवली. (आमच्या डेपोत असता तर सिग्नलच्या तारेवर डोळा ठेवून असता!)

त्या भागात मका सोलायला शेजारीपाजारी एका घरी जमत. काम संपले की जेवण, आणि मग सामान बाजूला सारून नाच. फिडल आणि बँजो एवढेच वाद्यवृंद. बँजो हे मूळ आफ्रिकेतून गुलामांबरोबर आलेले वाद्य. भोपळा, त्यावर कातडे आणि दांडा. त्याची पाचवी तार आखूड असते आणि अंगठ्याने तोच सूर सारखा वाजत राहतो, आपल्या तुणतुण्यासारखा. दुसरी गंमत मला स्वतःला फार आवडली. तिकडचे जुने फिडलवाले पुष्कळदा खालच्या दोन तारा चढवून घेतात. त्यांच्या भाषेत ए-ई-ए-ई. पेटीवर लावून पाहिले, तर हे आपले सा-प-सा-प! आपल्याकडेही कितीतरी व्हायोलिनवादक असेच लावतात. कुणी कुणाला शिकवले नाही, पण तारांना सोयीचे ते सगळीकडे सोयीचे.

मग हे संगीत मागे का पडले? रेडिओ आला, रेकॉर्डी आल्या. १९२०च्या दशकात कंपन्यांनी काळ्यांच्या रेकॉर्डी वेगळ्या आणि गोऱ्या डोंगराळ लोकांच्या वेगळ्या अशी वाटणी केली. काळ्यांनी ब्लूज गायचे, फिडल गोऱ्यांचे, असा हिशेब. त्यामुळे काळ्यांची फिडल-बँजो मंडळे फारशी रेकॉर्डच झाली नाहीत, आणि पुढच्या पिढ्यांना वाटू लागले की हे वाद्य आपले कधी नव्हतेच. ज्यांच्या पूर्वजांनी बँजो आणला, त्यांच्याच नातवंडांना तो परका! हे वाचून मी जरा सुन्न झालो.

जो महायुद्धावर जाऊन आले, फर्निचरच्या कारखान्यात नोकरी केली. फिडल बरीच वर्षे पेटीत होते. १९७०च्या दशकात एक लोकसंगीताचा अभ्यासक शोधत आला, तेव्हा जो आणि ओडेल पुन्हा बसले. १९९० साली दोघे न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवून आले. १९९४ साली ओडेल मोटार अपघातात गेले. जो एकटे पडले.

२००५च्या एप्रिलमध्ये बून गावी कृष्णवर्णीय बँजोवाल्यांचा मेळावा भरला. तिथे तीन तरुण एकत्र आले : रिआनन गिडन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन. ही मुले दर गुरुवारी रात्री मेबेनला जोंच्या घरी जाऊन बसू लागली. म्हातारा ८६ वर्षांचा. शिकवणे असे नाहीच. तो वाजवी, हे मागून वाजवीत. त्यांचेच पुढे ‘कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स’ झाले. जोंना २००७ साली राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला, मुलांना २०११ साली ग्रॅमी. २०१२ साली जो गेले, ९३व्या वर्षी. रिआननबाईंना पुढे पुलित्झरही मिळाले, पण मला त्याहून आवडते ते असे : २०२५ साली तिने आणि जस्टिनने फक्त फिडल-बँजोचा अल्बम काढला. त्यातले काही ध्वनिमुद्रण जोंच्या घरापाशी उघड्यावर केले. मागे रातकिडे किर्र करताना ऐकू येतात. कुणी ते पुसून टाकले नाहीत.

आता माझे सांगतो. माझे वडील लोको शेडमध्ये फिटर. शिफ्ट संपली की साबणाने हात घासून व्हायोलिन घ्यायचे. आजी भंडाऱ्याची. तिच्या जात्यावरच्या ओव्यांच्या चार-पाच चाली त्यांनी व्हायोलिनवर बसवल्या होत्या. याच मंडपात ते आरतीनंतर वाजवीत, ज्येष्ठांना आठवत असेल. घरात टेपरेकॉर्डर होता, कोऱ्या कॅसेटही होत्या. मी त्यांवर सिनेमाची गाणी भरली. २०१५ साली वडील गेले. आज मला त्यातली एकच चाल येते, तीही अर्धी. आणि मंडपात आरती आता स्पीकरवर लागते, कारण पेटी धरायला कुणी नसते. यात दोष कुणाचा म्हणू? मीच तर दोन वर्षे तो स्पीकर भाड्याने आणला.

वडिलांबरोबर तबल्याला बसणारे काका आपल्यातच आहेत. नाव घेऊ नको म्हणाले. वय ८१. त्यांना त्यातल्या तीन चाली पाठ आहेत. मार्चपासून मी आणि माझी मुलगी दर गुरुवारी त्यांच्याकडे जातो. रात्रीचा ब्लॉक असला तर ती एकटी जाते. दोन चाली बसल्या आहेत. तिसरीत काका मध्येच थांबतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, ‘‘तुझा बाप इथे वेगळे काहीतरी करायचा.’’

ते वेगळे काय, कुणाला आठवत असेल तर आरतीनंतर मला भेटा. कुणाच्या माळ्यावर व्हायोलिन पडले असेल तर तेही काढा. तारा मी आणून ठेवल्या आहेत.

गणपती बाप्पा मोरया!