आपलं व्हिजिटिंग कार्ड आपणच करू

व्हिजिटिंग कार्ड संगणकावर आपलं आपण कसं तयार करायचं आणि छापून कसं घ्यायचं, यावर बोला, असं मला आकाशवाणीकडून सांगण्यात आलं. मी काष्टीत मुलामुलींना डीटीपी शिकवते. अक्षरं जुळवायची, पान मांडायचं, हे माझं रोजचंच काम, त्यामुळे विषय जवळचा आहे.

काष्टी ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. श्रीगोंदा तालुक्यातलं, दौंड-मनमाड रेल्वेमार्गावरचं हे गाव. इथला शनिवारचा जनावरांचा बाजार प्रसिद्ध आहे. बाजारात बैलाचा भाव रुमालाखाली बोटं धरून करायची जुनी रीत आहे, तुमच्यापैकी अनेकांनी ती पाहिली असेल. आता सौदा होवो न होवो, निघताना खिशातून कार्ड निघतं. पशुखाद्यवाला कार्ड देतो, कडबाकुट्टी यंत्राचा विक्रेता देतो, टेम्पोवाला देतो, बोअरवाला देतो, मंडपवाला देतो. संध्याकाळी घरी गेल्यावर सदऱ्याच्या खिशातून सातआठ कार्डं निघतात. त्यांतलं जपून कोणतं ठेवायचं, हे घरातलं माणूस एका नजरेत ठरवतं. ज्यावरचं नाव आणि काम पटकन वाचता येतं, ते राहतं.

म्हणून पहिली गोष्ट. संगणक सुरू करायच्या आधी कागद आणि पेन्सिल घ्या. वर्गातही मी मुलांना आधी कागदच देते. साडेतीन इंच रुंद आणि दोन इंच उंच असा एक चौकोन आखा. आपल्याकडच्या कार्डाचं हेच माप रूढ आहे. या चौकोनात हातानं लिहून बघा: तुमचं नाव, तुमचं काम, कुठे भेटाल आणि फोन नंबर. बस, एवढंच. समजा, तुम्ही बैलांचा साज विकता. मग कासरे, वेसण, मोरक्या, घुंगरमाळा, झुली, हे शब्द लिहा. "दर शनिवारी काष्टी बाजारात" असं लिहा. गिऱ्हाइकाला हेच हवं असतं.

आणि इथं मला थोडं रागवायचंय. रागवणं प्रेमाचंच आहे. एवढ्याशा चौकोनात लोक किती भरतात! वर तीन देव, मध्ये ट्रॅक्टर, बाजूला स्वतःचा फोटो, खाली चार नंबर, त्यात एक बंद पडलेला. मागे राष्ट्रीय नेते. देवावर श्रद्धा आहे ना, मग देव्हाऱ्यात त्याला नीट जागा द्या. कार्ड कुठंही पडतं, चुरगळतं, पायाखाली येतं. तिथं तुमचं नाव आणि काम राहू द्या. नंबर एकच द्या, जो तुम्ही उचलता तो. दहा आकडे सलग छापू नका. पाच आणि पाच असे तोडा, मधे थोडी मोकळी जागा ठेवा. उन्हात उभं राहून नंबर फोनवर दाबणाऱ्याची नजर हरवत नाही.

आता संगणकाकडे येऊ. आपल्या भागातल्या बहुतेक डीटीपी सेंटरांत कोरल ड्रॉ चालतं. ते विकत घ्यावं लागतं. घरच्या घरी करायचं असेल तर इंकस्केप आहे, ते फुकट आहे आणि कायदेशीरपणे फुकट आहे. लिबरऑफिस आहे, त्यात व्हिजिटिंग कार्डाची तयार सोय मिळते. मोबाईलवर कॅनव्हा वापरणारेही पुष्कळ आहेत. कोणतंही घ्या. मी त्यावरून भांडत नाही. साधन कोणतंही असलं तरी अक्षरं बरोबर उमटली पाहिजेत, आणि मला खरं बोलायचंय ते या अक्षरांबद्दल.

कार्ड मराठीत करा. बाजारात येणारा माणूस मराठी वाचतो, मराठीत बोलतो, मग त्याच्या हातात द्यायचं कार्ड पूर्ण इंग्रजीत कशासाठी? पण मराठीत करायचं तर नीट मराठीत करा. आपला पत्ताच बघा. काष्टी, श्रीगोंदा, अहिल्यानगर. ही तीन नावं म्हणजे संगणकाची परीक्षाच आहे. रेडिओवर मला फळा नाही, म्हणून तुमच्यासमोरच्या कागदावर तुम्हीच लिहा. "काष्टी" लिहा. ष आणि ट एकमेकांना जोडून आलेत ना? सॉफ्टवेअरला देवनागरीची जोडणी येत नसेल तर ष सुटा येतो, त्याच्या पायाशी हलन्ताची तिरकी रेघ लोंबते आणि ट पुढे वेगळा पडतो. आता "श्रीगोंदा" लिहा. श आणि र मिळून श्र होतो. तो जोडला गेला नाही तर श एकीकडे, र एकीकडे. मग "अहिल्यानगर". ह ची पहिली वेलांटी ह च्या आधी उभी राहिली पाहिजे. बिघडलेल्या फाइलमध्ये ती ह च्या मागे जाते आणि ल च्या डोक्यावर बसते. तुम्ही अशी कार्डं पाहिलीत, अशा पाट्याही पाहिल्यात. पाहून पाहून आपली नजर मेली आहे. ती पुन्हा जागी करायला हवी.

हे का होतं, ते थोडक्यात सांगते. पूर्वी प्रत्येक कंपनीच्या मराठी अक्षरांची संगणकातली व्यवस्था वेगवेगळी असायची. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आपल्या छापखान्यांनी वर्षानुवर्षं वापरली, अजूनही वापरतात, आणि तिनं मराठी छपाईची मोठी सेवा केली आहे. पण जुन्या व्यवस्थेत टाइप केलेली फाइल, तो अक्षरसंच नसलेल्या संगणकावर उघडली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कालवा दिसतो. युनिकोड आलं आणि जगभर प्रत्येक मराठी अक्षराला एकच क्रमांक ठरला. मोबाईलवर तुम्ही मराठीत निरोप पाठवता तो युनिकोडमध्येच. घोटाळा होतो तो नवी अक्षरं जुन्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवली की. कोरलच्या जुन्या आवृत्त्यांना युनिकोड मराठी नीट जोडता येत नाही. म्हणून तुम्ही मोबाईलवरून मजकूर पाठवता, सेंटरवाला तो तसाच चिकटवतो आणि काष्टीचा ष सुटतो. तेव्हा कार्ड हातात आलं की आधी पत्ता वाचा. काष्टी, श्रीगोंदा, अहिल्यानगर. पत्ता बरोबर उमटला असेल तर बाकीचा मजकूर बहुधा बरोबर असतो.

आता माझ्या विशेष जिव्हाळ्याचं अक्षर. "शेतकऱ्यांसाठी" हा शब्द आपल्याकडच्या निम्म्या कार्डांवर असेल. त्यातला र बघा. य च्या आधी तो लहानशी वळलेली आडवी रेघ होऊन येतो. डोक्यावर रफार होऊन जात नाही. डोक्यावर गेला तर उच्चार बदलतो. "आचार्यांना बोलावलं" म्हटलं की शास्त्री-पंडित येतील, "आचाऱ्यांना बोलावलं" म्हटलं की स्वयंपाकाला माणसं येतील. लग्नाच्या जेवणावळीचं काम करणाऱ्याच्या कार्डावर हा र चुकला तर त्याचा धंदाच बदलतो! तो टाइप कसा करायचा हे शिकून घ्या. खाली टिंब असलेला ऱ घ्या, त्याला हलन्त द्या, मग य द्या. मोबाईलच्या मराठी कळफलकावर हा टिंबाचा ऱ असतो, पुष्कळदा र वर बोट दाबून धरलं की सापडतो. हिंदीला हा र लागत नाही, त्यामुळे हिंदीच्या सवयीनं बनवलेल्या सोयी तो विसरतात. आपण विसरायचं कारण नाही.

तसंच ल आणि श यांचं. मराठीचा ल दोन गोल पाकळ्यांचा, हिंदीचा ल उभ्या दांड्याचा. मराठीचा श देठाचा, हिंदीचा गाठीचा. राज्य शासनानं २०२२ मध्ये वर्णमालेचा निर्णय काढला, त्यातही पाकळीचा ल आणि देठाचा श हेच सांगितलं आहे. काही अक्षरसंचांत दोन्ही रूपं दडलेली असतात. सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा हिंदीऐवजी मराठी निवडली की आपली रूपं समोर येतात. एवढी एक निवड करायची असते, आणि शेकड्यानं लोक ती करत नाहीत. झुली या शब्दातला ल मराठी आहे का, ते बघा. मला फार वाटतं याचं. ज्या नगर जिल्ह्यातून १८४२ मध्ये ज्ञानोदय हे नियतकालिक सुरू झालं, ज्या मराठी मुलखात जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यानं देवनागरीचे इतके देखणे खिळे पाडले, तिथं आज कुणीही कसलाही ल छापावा? शिशाच्या खिळ्यांच्या काळात जुळारी शेकडो खण असलेल्या केसमधून एकेक जोडाक्षर हातानं उचलायचा, तरी अक्षर चुकू द्यायचा नाही. आपल्याला नुसती एक कळ दाबायची आहे.

अक्षरसंच कोणता घ्यावा, असं मुलं विचारतात. विंडोजमध्ये मंगल असतो. तो आयआयटी मुंबईत शिकवणाऱ्या प्राध्यापक र. कृ. जोशी यांनी घडवला, आणि पडद्यावर मराठी दिसू लागली त्यात त्याचा मोठा वाटा आहे. कार्डावर मात्र मला मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' अधिक आवडतो. तो फुकट मिळतो आणि बारीकपासून जाडपर्यंत सात वजनांत आहे. नावाला जाड, पत्त्याला मध्यम, एकाच कुळातली अक्षरं. एका कार्डावर पाच तऱ्हेची अक्षरं घालू नका. आणि मराठीला उंची लागते, वर वेलांटी-मात्रा, खाली उकार-ऋकार. इंग्रजी सात पॉइंटात वाचता येईल, मराठीला नऊ तरी द्या. दोन ओळींत अंतर ठेवा. वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या मात्रेवर आदळला की दोन्ही शब्द वाया जातात.

वेळ बराच गेला. छपाईबद्दल भराभर सांगते.

कार्डाच्या कडेपर्यंत रंग न्यायचा असेल तर चारी बाजूंनी तीन मिलिमीटर जास्त ठेवा. शिंपी कापड बेतताना माया सोडतो, तशी ही माया. कटिंग मशीनचं पातं केसभर इकडेतिकडे झालं तरी पांढरी कड दिसत नाही. आणि अक्षरं कडेपासून तेवढीच आत ठेवा, नाहीतर नंबरचा शेवटचा आकडा पात्याखाली जातो. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून आलेलं बोधचिन्ह छापायला चालत नाही, ते दाबून लहान झालेलं असतं. डॉक्युमेंट म्हणून मागवा. साडेतीन इंचाचं चित्र स्वच्छ उमटायला रुंदीला साधारण १०५० ठिपके लागतात. पडद्यावरचा झगझगीत हिरवा कागदावर तसा येत नाही, त्यावरून छापणाऱ्याशी भांडू नका. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा. चार शाया एकावर एक बसवून केलेलं बारीक अक्षर फुटतं.

फाइल देताना पीडीएफ द्या, आणि त्याआधी अक्षरांचं आकृतीत रूपांतर करा. कोरलमध्ये त्याला कन्व्हर्ट टू कर्व्ह म्हणतात, कंट्रोल आणि क्यू. मग दुसऱ्याच्या संगणकावर तुमचा अक्षरसंच नसला तरी काष्टीचा ष सुटणार नाही. पण अक्षरांची मूळ फाइल वेगळी जपा, उद्या नंबर बदलला तर तीच लागेल.

पैसे घ्यायचा क्यूआर कोड घालणार असाल तर तो दोन सेंटिमीटरपेक्षा लहान करू नका, भोवती पांढरी जागा सोडा, आणि आधी एकच कार्ड छापून दोनतीन वेगवेगळ्या फोनांवर चालवून बघा. नाव तुमचंच दिसतंय ना, हेही बघा. छापण्याआधी सगळा मजकूर घरातल्या दुसऱ्या माणसाला मोठ्यानं वाचायला सांगा. आपण लिहिलेलं आपल्याला बरोबरच दिसतं.

घरच्या प्रिंटरवर करायचं तर ए-फोर कागदावर दहा कार्डं बसतात. पण इंकजेटची शाई घामानं, पावसानं बहुधा पसरते, बाजारात चालायची नाही. लेझर प्रिंटरवर काढा किंवा डिजिटल प्रेसवर द्या. हजारांनी लागत असतील तर ऑफसेट स्वस्त पडतं. पहिल्यांदा मात्र शंभरच छापा.

कागद जाड घ्या, तीनशे जीएसएम. मागची बाजू कोरी आणि बिनलॅमिनेशनची ठेवा, कारण चकचकीत लॅमिनेशनवर बॉलपेन चालत नाही. बाजारात माणूस त्या कार्डाच्या पाठीवरच ठरलेला भाव लिहितो, राहिलेले पैसे लिहितो, पुढच्या शनिवारी काय आणायचं ते लिहितो. वेळ संपली, असं समोरून खुणावतायत.